पाहुण्या दगडावरचा पिवळा बाण

दुपारी दोनच्या सुमारास आमच्या चंद्रपुरात मांडणीवरची भांडी वाजतात. उघड्या खाणींमध्ये सुरुंग उडवायची ती वेळ. बाहेरगावचं कुणी घरी आलेलं असलं तर दचकून उभं राहतं, आणि आम्ही "काही नाही, दोन वाजले" म्हणून चहा पुढे करतो. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र भांडी वाजली की माझा हात आधी फोनकडे जातो. संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. एकदोन गमती सांगते, पण मला जे सांगायचंय ती माझी एक चूक आहे, आणि ती मनातून जात नाही.

मी सरकारी भूवैज्ञानिक होते. आमच्या भागात याचा अर्थ लोक 'विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगणारी बाई' असा घेतात. आम्ही खरं करतो ते एवढंच, की पायी हिंडायचं, खडक दिसला की थांबायचं, हातोड्याने तुकडा काढायचा, भिंगातून बघायचा, वहीत लिहायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. असे हजारो ठिपके जोडले की जमिनीखाली काय आहे त्याचा अंदाज येतो. दुरून बघणाऱ्याला हे वेड्यासारखं दिसतं. गडचिरोलीच्या जंगलात एका म्हाताऱ्याने मला तासभर न्याहाळून माझ्या ड्रायव्हरला विचारलं होतं, "ह्या बाईचं काई हरवलं हाये का?"

लोक दगड घेऊन ऑफिसातही यायचे. आरमोरीकडचे एक गृहस्थ धोतराच्या फडक्यात काळा चकचकीत गोळा बांधून आले. त्यांच्या मते ती आकाशातून पडलेली उल्का होती. तिला त्यांनी पलंगाखाली ठेवलं होतं, आणि ती पलंगाखाली आहे या भीतीने घरचे सगळे अंगणात झोपत होते. मी बघून सांगितलं की ही जुन्या काळी लोखंड गाळायच्या भट्टीतली मळी आहे. ते फार दुखावले. "तुमच्याजोळ मशीन नाई का? डोयानं काय समजते?" म्हणाले, आणि गोळा पुन्हा बांधून घेऊन गेले. पुढे नागपूरला नेला असं ऐकलं.

मी त्याच आरमोरी तालुक्यातली, धानाच्या बांधांवर वाढलेली. धम्मदीक्षेनंतर शिकायला लागलेल्या घरातली दुसरी पिढी. शिकून नोकरीला लागले तेव्हा वडिलांनी एकच सांगितलं होतं, आपल्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा ठेवू नको. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. गॅस बंद केला का ते बघायला जिना चढून परत येणाऱ्यांपैकी मी आहे, आणि दोनदा येणाऱ्यांपैकी आहे.

त्यात नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक फजिती झाली. सिरोंचाकडच्या एका नाल्यात मला कोळशाचा बारीक पट्टा उघडा पडलेला दिसला. वहीत लिहिला, आणि साहेबांना दाखवायला नेलं तर सापडेना. दोन दिवस नाला पालथा घातला. शेवटी साहेबांनी सगळ्या कॅम्पसमोर विचारलं, "काय हो, खडक चालत गेला वाटतं?" सगळे हसले. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत ऑइल पेंटचा लहान डबा आणि ब्रश आला. प्रत्येक महत्त्वाच्या जागी मी पिवळा नंबर टाकायची आणि जे बघायचं त्या दिशेला बाण काढायची. ही आमच्या धंद्यातली रीतच आहे, मी फक्त ती अंगाला लावून घेतली. ऑफिसात मला 'पिवळीबाई' म्हणायचे, हे मला निवृत्त होताना कळलं.

आता त्या दगडाकडे येते. गोंडपिपरी तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

गावाबाहेर, रस्त्यापासून थोडा आत, धानाच्या बांधावर हा दगड आहे. ट्रॅक्टर उभा करावा एवढा, गुलाबी ग्रॅनाइटचा. आजूबाजूला कोसभर असा दगड नाही. खाली आहे तो हिरवट, नखाने खरवडला जाईल असा मऊ चिखलाचा खडक. मग हा एवढा थोरला इथे आला कसा? तर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली ही जमीन दक्षिण ध्रुवाकडे होती आणि तिच्यावर बर्फाचे जाड थर होते. ते बर्फ सरकायचं, सरकताना पोटात दगड ओढून न्यायचं, आणि वितळलं की जिथल्या तिथे टाकून जायचं. ओढताना घासून या दगडाची एक बाजू चौरंगासारखी सपाट झाली आहे, आणि तिच्यावर एकाच दिशेने धावणारे लांब ओरखडे आहेत. चंद्रपूरच्या उन्हात त्या ओरखड्यांवरून बोट फिरवताना माझ्या अंगावर काटा यायचा. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाचा तो हात होता आणि तो मला कळत होता, याचा मला गर्वही होता.

दगड शेवंताबाईच्या बांधावर आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा ती चाळिशीची असेल, आज सत्तरीची आहे. मी हातोडा काढून सपाट बाजूच्या कडेचा तळहाताएवढा तुकडा पाडला, तेव्हा ती धानातून वर आली.

"काऊन फोडता जी पाव्हण्याले?"

"पाहुण्याला?"

"हाव. हा इथचा नाई. कोनालेई पुसा."

गावात त्या दगडाचं नावच पाहुणा. तो इथला नव्हे हे ओळखायला मला पदवी लागली होती, त्यांना नुसतं बघून कळलं होतं. गावात नवी सून आली की वेशीतून आत जाण्याआधी तिला या दगडापाशी आणतात. ती त्याला हळद लावते आणि घटकाभर त्याला टेकून बसते. हा बाहेरून आला आणि इथलाच झाला, तशी तूही हो, म्हणून. शेवंताबाई स्वतः वैनगंगेच्या पलीकडून आलेली. तीही अशीच बसली होती.

मी पूजाअर्चा करणाऱ्यांपैकी नाही. हळदीवर मला रागच आला. ओरखड्यांवर हळद भरली तर दिसणार काय, अशी मी कुरकुर केली. मग डबा काढून सपाट बाजूच्या वर ठसठशीत नंबर टाकला आणि ओरखड्यांच्या दिशेने हातभर लांब बाण काढला. शेवंताबाई बघत उभी राहिली.

पुढे कॉलेजांच्या सहली नेल्या, प्राध्यापकांना नेलं. प्रत्येकाच्या हातात हातोडा असायचाच. मला कुणाला अडवायचं धाडस झालं नाही, कारण पहिला तुकडा माझ्याच टेबलावर कागद दाबायला ठेवलेला होता. गावाचं नाव लिहीत नाही ते यासाठी.

या दगडाला शासनाने जपावं असा प्रस्ताव पाठवायचं मी ठरवलं होतं. तीनदा लिहिला. तिन्ही वेळा एखाद्या मापाबद्दल शंका आली आणि पुन्हा मोजायला गेले. एकदा ओरखड्यांची संख्या जुळेना, एकदा उंची. कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून प्रस्ताव कपाटातच राहिला आणि मी निवृत्त झाले. त्यानंतरही दर वर्षी दिवाळीनंतर जायची, तेवढं मात्र सोडलं नाही. जाऊन काय करायची? पावसाने फिका पडलेला नंबर पुन्हा रंगवायची. मागच्या वर्षी तर दुकानदाराने नवा रंग दिला, रस्त्यावरच्या पट्ट्यांना मारतात तो, भर दुपारी डोळ्यांवर येणारा. मी खूश होऊन बाणही नव्याने काढला.

गेल्या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, सकाळी साडेदहाला शेवंताबाईचा फोन आला. सुनेच्या मोबाइलवरून. मागे घरघर चालू होती.

"बाई, तुमच्या नंबराले भोकं पाडून राह्यले जी."

"कोण? कुठं?"

"रस्तावाले. पाव्हण्याले. दोन वाजता उडवतो म्हनते—"

फोन कटला. पुन्हा लागेना.

मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच स्टुलावर बसले. तिकडचा रस्ता रुंद होतोय हे मला माहीत होतं. सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या ट्रकांनी तो रस्ता अपुरा पडायला लागला त्याला काही वर्षं झाली होती. पण दगड रस्त्याच्या हद्दीपासून चांगला दहा-बारा पावलं आत आहे. ते मी टेप लावून मोजलेलं होतं. मग त्याला का हात लावतील? आणि तेवढ्यात मला कळलं. त्या बाजूने येता-जाता मी बघितलं होतं, रुंदीकरणात फोडायचे खडक ते आधी रंगाने खुणावून ठेवतात. पिवळा आकडा आणि भोक कुठून पाडायचं ते दाखवणारा पिवळा बाण.

ऑफिसला फोन केला, तिथे माझ्या जागी आलेल्यांनी नम्रपणे विचारलं, "मॅडम, तो दगड कुठल्या यादीत आहे का?" कपाटातला प्रस्ताव माझ्या डोळ्यांसमोर आला. नाही, असं मी म्हणाले. मग लेखी अर्ज द्या, मी पुढे पाठवतो, असं ते म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. मीही हेच सांगितलं असतं.

मग दादारावला फोन केला. दादाराव माझा जुना जीप ड्रायव्हर, तोही निवृत्त. आता स्वतःची जुनी व्हॅन चालवतो. "येतो बाई" एवढंच म्हणाला आणि वीस मिनिटांत दारात आला. निघताना मी, तो नंबर पहिल्यांदा टाकला त्या वर्षाची फील्ड डायरी पिशवीत टाकली. गॅस बंद केला का ते बघायला परत गेले नाही, हे मला अर्ध्या वाटेत आठवलं.

गोंडपिपरीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. पुढचा हलेना, मागचा हॉर्न वाजवी. बारा वाजले, सव्वाबारा वाजले. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"घड्याय पाहून टैम थांबत नाई बाई," दादाराव म्हणाला.

"पण मीच केलं ना हे, दादाराव. दर वर्षी तुमच्याच गाडीतून जाऊन केलं."

"हाव. डबा मीच धरून उभा राहो."

तो इतका सरळ बोलला की मला रडू आलं. त्याने एकदा आरशातून पाहिलं, गाडी डावीकडे घातली आणि कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेने निघाला. व्हॅन उसळत होती. माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की शेवंताबाई सत्तरीची आहे, हट्टी आहे, आणि तिचा फोन लागत नाही.

गावाच्या अलीकडे लाल झेंडा घेतलेल्या एका मजूर बाईने गाडी थांबवली. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"पुढं बारूद भरली हाये. भोंगा झाल्याबिगर कोनालेच नाई सोडत."

मी सांगितलं की मी भूवैज्ञानिक आहे. तिला त्याचं काही नव्हतं. मी सरकारी अधिकारी होते म्हणाले. "होत्या ना?" ती म्हणाली. मी काकुळतीला आले, आवाज चढवला, ती झेंडा आडवा धरून उभीच. तिचं काम ती चोख करत होती. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "अहो, त्या बांधावरच्या दगडावरचा नंबर मी टाकला आहे. तो चुकीचा आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि कमरेचा वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "साहेब, नंबर टाकनारी म्याडम आली हाये. चुकला म्हनते."

पलीकडून आलं, "पाठव लवकर."

त्यांना मी मोजणीवाल्यांपैकी कुणी वाटले असणार. मी काही सांगत बसले नाही, धावत सुटले. साठी उलटलेली बाई उन्हात कशी धावते ते दादारावला विचारा, तो सगळ्यांना रंगवून सांगतो.

दगडावर शेवंताबाई बसली होती. मोहफुलांची टोपली मांडीवर, पाय खाली सोडलेले. तिच्या बाजूलाच सपाट भागाच्या वर तीन भोकं होती, माझ्या बाणाच्या दिशेला अगदी बरोबर. खाली भोकांतून निघालेली गुलाबी भुकटी सांडलेली. कामावरचे इंजिनिअर डोक्याला हात लावून उभे होते. सुरुंगवाला मल्लय्या, सिरोंचाकडचा पांढऱ्या मिशांचा माणूस, सावलीत बसून विडी न पेटवता नुसती चघळत होता. बाकीच्या खडकांत बारूद भरून झाली होती. हा एकच राहिला होता, कारण ही बाई खाली उतरत नव्हती.

"सकाळपासून सांगून राह्यली मी," शेवंताबाई मला बघून म्हणाली, "का नंबर बाईचा हाये, रस्त्याचा नाई. कोनी आयकत नाई."

इंजिनिअर माझ्याकडे वळले. "आकडा आहे, बाण आहे, रंगही आमचाच. माणसांनी काय समजायचं? रस्त्याकडेच्या नालीसाठी हाही खडक यादीत वाढवला असेल असं वाटलं आम्हाला."

मी डायरी उघडून दाखवली. तारीख, नंबर, बाण, सगळं होतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे ठीक आहे. पण मला लेखी द्या. उद्या माझ्यावर यायला नको."

सगळ्या नोकरीत मी स्वतःची चूक कधी कागदावर लिहिली नव्हती. वहीत आकडा चुकला तरी पान फाडून नवं लिहायची. त्यांच्या रजिस्टरमध्ये उभ्याने लिहिलं, की हा आकडा व बाण मी काढला आहे, बाण सुरुंगासाठी नसून बर्फाने काढलेल्या ओरखड्यांची दिशा दाखवण्यासाठी आहे, त्यामुळे गैरसमज झाला, चूक माझी आहे. खाली सही केली.

इंजिनिअरांनी ते मोठ्याने वाचलं. भोवती दहा-पंधरा मजूर, वर आग ओकणारं ऊन.

"बर्फ?" मल्लय्या म्हणाला. "इधर?"

"हो. पूर्वी होतं."

त्याने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग उठून आपल्या माणसांना या दगडापर्यंत आणलेल्या तारा गुंडाळायला लावल्या. "अम्मा, उतरो अब," तो शेवंताबाईला म्हणाला. "पत्थर बच गया."

ती उतरली नाही. आधी मल्लय्याने तारा नेल्या हे पाहिलं, मग भोकं पाडायचा कंप्रेसर हलला हे पाहिलं, मग मला हात मागितला. खाली आल्यावर मी तिची माफी मागितली. ती नंबराकडे बघत होती.

"आमी तं कधी नंबर नाई टाकला त्याच्यावर," ती म्हणाली. "तरी सापडते आमाले."

मी डायरी मिटून पिशवीत टाकली.

दोन वाजता आम्ही सगळे गावातल्या शाळेच्या मागे जाऊन उभे राहिलो. भोंगा झाला. रस्त्याकडचे खडक उडाले, जमीन पायाखाली हलली. धूळ बसल्यावर मी पहिली धावले. दगड जागेवर होता. पण मधल्या भोकापासून ओरखड्यांच्या आडवी एक केसाएवढी भेग खाली उतरलेली दिसली. ती आताची, की भोकं पाडतानाची, की शेकडो वर्षं तिथेच होती? मी उंची मोजली होती, ओरखडे मोजले होते, रस्त्यापासूनचं अंतर मोजलं होतं. ती भेग माझ्या वहीत कुठेच नव्हती. बरोबर तिथेच, भेगेच्या वरच्या टोकावर, दर वर्षी माझा रंग बसत होता.

पावसाआधी मी पुन्हा गेले. तारेचा ब्रश नेला होता, पण तो लावला तर ओरखडेही जातील, म्हणून चार दिवस गावात राहून रंग काढायच्या पातळ द्रावणाने आणि चिंध्यांनी एकेक पापुद्रा काढला. शेवंताबाईची सून मदतीला होती. वर्षानुवर्षांचे थर निघाले. हळद मात्र कुठेच सापडली नाही, ती दर पावसात धुऊन जात होती. त्या आठवड्यात प्रस्तावही पाठवला, जुन्याच मापांसह, भेग आणि भोकं लिहून. त्यात चुका असतील.

माझ्या टेबलावरचा तुकडाही बरोबर नेला होता. तो कुठून काढला ते डायरीत बोटभर अंतरासुद्धा लिहिलेलं होतं. जागा सापडली. तुकडा लावून बघितला, पण तो बसेना. त्याच्या चारी बाजूंनी इतरांनी इतकं काढून नेलं होतं, की त्याला टेकायला काही उरलंच नव्हतं. मी तो हातात धरून उभी राहिले. शेवंताबाईने तो माझ्या हातातून घेतला आणि दगडाच्या पायथ्याशी, सुना बसतात तिथे, मातीत दाबून ठेवला. मी त्यावर नंबर टाकला नाही.

प्रस्तावाचं उत्तर अजून आलेलं नाही. रस्त्याचं काम पुढे सरकलं आहे, पण सुरुंग अजून उडतात. रोज दुपारी मांडणीवरची भांडी वाजली की मी शेवंताबाईच्या सुनेला फोन लावते. पहिले काही दिवस मी इकडचं तिकडचं विचारायची, धान कसं आहे, सासू कशी आहे. आता तीच मला बोलू देत नाही. फोन उचलते आणि आधी सांगते, "हाये जी बाई. हाये."